राहता की प्रवासात?

मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमाराला ओत्ताव्यो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि दीड वाजता परत यायचे. कुठे जायचे ते आमच्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आमच्या इमारतीत असं होत नाही. कुणाच्या घरी कधी वरण जास्त खारट झालं, तेसुद्धा संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर माझ्या दुकानात पोचतं.

ओत्ताव्यो, आडनाव देल्लेप्याने, मूळ इटलीतल्या जेनोव्हाचे. तिथल्या गोदीत अडतीस वर्षं जहाजांचे पत्रे ठोकून निवृत्त झाले, मार्च महिन्यात दोन बॅगा घेऊन इकडे अल्बेनियात व्लोराला आले आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. पत्र्यांच्या ठणठणाटाने त्यांचा डावा कान खाल्ला होता. पेन्शन इटलीतल्या बँकेत जमा व्हायची आणि ते इथे तिचं कार्ड घासायचे. आमच्या गल्लीत कार्ड घेणारं दुकान एकच, ते माझं. म्हणून पावापासून साबणापर्यंत सगळं ते माझ्याकडूनच नेत. मशीन त्यांना दर खेपेला विचारायचं, पैसे युरोत कापू की इथल्या चलनात, लेकमध्ये? पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा युरो दाबलं होतं. मग मीच सांगितलं, "सिन्योर, लेक दाबा. युरो दाबलं की मशीन स्वतःचा भाव लावतं आणि तुम्हाला दर वेळी फटका बसतो." तेव्हापासून ते बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघून मान हलवायचे.

आमचं बोलणं इटालियनमध्ये चाले. आमच्या पिढीला इटालियन येतंच. लहानपणी छपरावरचा अँटेना फिरवून फिरवून आम्ही समुद्रापलीकडचा टीव्ही बघितला आहे. मला ती भाषा कुठे शिकलीस असं कुणी विचारलं, तर मी तेच सांगायची.

पण आम्ही आपसात बोलायचो ते आमच्या भाषेत. ओत्ताव्यो समोर उभे असले तरी.

यात सगळ्यात पुढे नादिरेमावशी. चौथ्या मजल्यावर राहते, पोस्टातून निवृत्त झाली, नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली. रोज सकाळी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून चहा पिते. ओत्ताव्यो लिंबं निवडत असले की ती माझ्याकडे बघून, आवाज जराही न दाबता, म्हणायची, "बघ गं रुदिना, एक लिंबू घेणार आणि नऊ लिंबांचा वास घेणार. येडबंबू कुठला!"

मी हसायची. ओत्ताव्यो वळून आमच्याकडे बघायचे आणि तेही हसायचे. आम्ही हसतोय म्हणून हसत असतील, असं मला वाटायचं.

मंगळवार-शुक्रवारबद्दल तीन मतं होती. दंतवैद्य, जुगार आणि बाई.

"दातांसाठी कोण शर्टाला इस्त्री करतं?" नादिरेमावशी म्हणायची. "आणि जुगाऱ्याचं तोंड येताना असं नसतं. हा येतो तो गुणगुणत. माझं ऐक, बाईच आहे."

नोव्हेंबरात गारठा पडला आणि ओत्ताव्यो हीटर आणायला गेले. दुकानदाराने किंमत सांगितली एक लाख वीस हजार. आमच्याकडे चलनातलं एक शून्य पासष्ट साली काढलं, तोंडातून मात्र अजून गेलेलं नाही. बारा हजाराला लोक लाख वीस हजारच म्हणतात. बोलताना ते चालतं. पण त्या दिवशी दुकानदाराने जे तोंडाने म्हटलं तेच मशीनवर बोटाने दाबलं. कार्ड चाललं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. तिकडे जेनोव्हातल्या बँकेला दिसलं ते एवढंच, की रोज पाव आणि दही घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या कार्डावरून कुणीतरी अल्बेनियात बसून दहापट पैसे ओढायला बघतंय. त्यांनी कार्ड बंद करून टाकलं.

ओत्ताव्यो तिथून रिकाम्या हाताने थेट माझ्याकडे आले. पाव घेतला, कार्ड लावलं, मशीनने नकार दिला. त्यांनी कार्ड बाहीला पुसून परत लावलं. पुन्हा नकार.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "पाव न्या."

"पावाचं नाही," ते म्हणाले. "हे कार्ड बंद पडलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. खिशात चारशे लेक आहेत."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बँकेचाच होता. फोन जुना, कानाला लावायची बाजू बिघडलेली, स्पीकरवरच चालायचा. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि उजवा कान जवळ नेला. दुकानात मी होते आणि स्टुलावर नादिरेमावशी होती. कुणी बाहेर जायचं नाव काढलं नाही.

बँकेतली बाई तरुण असावी. आवाज गोड, पण प्रश्न फौजदाराचे.

"पूर्ण नाव? जन्मतारीख? आईचं माहेरचं आडनाव?"

"कानेपा," ओत्ताव्यो म्हणाले.

"आईचं माहेर कशाला हवंय हिला?" मावशी आमच्या भाषेत कुजबुजली. कुजबुजली म्हणजे तिच्या मानाने. "स्थळ बघायला आलीये का?"

ओत्ताव्योंच्या मिशीचं टोक हललं. मला ते दिसलं, पण लक्षात आलं नाही.

"आता मी काही व्यवहार वाचते," बाई म्हणाली. "ते तुम्हीच केलेत का ते सांगा. तीन तारीख, मासेमारीचं सामान."

"मीच. गळ घेतला. मासा अजून एकही लागलेला नाही."

बाई हसली नाही. "चार तारीख, 'उरा', व्लोरा. सात तारीख, 'उरा'. अकरा तारीख, 'उरा'. आठवड्यातून दोनदा, दर वेळी तेवढीच रक्कम. ऑगस्टपासून. हे काय आहे?"

मावशीने चहाचा पेला खाली ठेवला. मी हातातला फडका खाली ठेवला.

ओत्ताव्यो काउंटरवरचा पाव सरळ करून ठेवू लागले.

"सिन्योर? अशी ठरावीक रक्कम वारंवार जात असेल तर आम्हाला विचारावं लागतं. कुणी तुमच्याकडून जबरदस्तीने पैसे घेतंय का?"

"नाही, नाही."

"मग ही 'उरा' म्हणजे कोण?"

मावशीने मला कोपराने ढोसलं. तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, सांगितलं नव्हतं मी?

"कोण नाही, शिकवणी आहे," ओत्ताव्यो खालच्या आवाजात म्हणाले.

"कसली? जरा मोठ्याने बोला."

त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग फोनवर वाकून म्हणाले, "भाषेची. अल्बेनियन शिकतोय मी. दोन पातळ्या झाल्या, तिसरी चालू आहे."

मला आधी बरं वाटलं. किती छान, असंही मनात आलं असेल. मग मी महिने मोजले. ऑगस्टपासून. म्हणजे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मी नादिरेमावशीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

फोनवरची बाई आता मऊ झाली होती. "छान. शेवटचा प्रश्न. तुमच्या अर्जावर लिहिलंय, परदेशात प्रवासात. दर तीन महिन्यांनी तुम्ही तेच लिहून पाठवता. मला नोंद नीट करायची आहे. तुम्ही तिथे राहता की प्रवासात आहात?"

ओत्ताव्योंनी दुकानभर नजर फिरवली. लिंबांची टोपली, दह्याची भांडी, मी, छताकडे बघणारी मावशी.

"राहतो," ते म्हणाले.

"मग पत्ता बदलावा लागेल. कागद पाठवते. कार्ड उद्या सकाळपर्यंत चालू होईल."

फोन बंद झाला. ओत्ताव्योंनी पाव उचलला आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबून आमच्या भाषेत, एकेक शब्द पायरीवर पाय ठेवावा तसा ठेवत म्हणाले, "येतो. दोघींना नमस्कार."

ते गेल्यावर मी दार लोटून घेतलं.

"सगळं कळत नसेल गं," मावशी म्हणाली. "दोन पातळ्यांत काय कळतंय?"

"मावशी, दोन पातळ्यांत लिंबू कळतं."

"त्याच्या पँटीबद्दल मी बोलले ते कधी? ऑगस्टाआधी की नंतर?"

"नंतर."

"अरे देवा. आणि बायकोने हाकलला असेल म्हणाले ते?"

"गेल्या आठवड्यात."

मावशी उठली आणि चहा तसाच टाकून निघून गेली. पण मी तिला कुठल्या तोंडाने बोलणार होते? तिच्या बोलण्यात विखार तरी नव्हता. मी मात्र सप्टेंबरात, ओत्ताव्यो पैसे देत असताना, दहीवाल्याला म्हटलं होतं, "तिकडे पेन्शनीत भागत नाही, म्हणून इकडे राजे व्हायला येतात." कार्ड मशीनवर होतं तेव्हाच म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती आणि लेक दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले. कार्ड लावलं, मशीन किणकिणलं, पावती आली. त्यांनी खिशातून छोटी वही काढली. पानापानांवर आमच्या भाषेतले शब्द, बारीक अक्षरात. आणि इटालियन सोडून आमच्याच भाषेत विचारलं, "एक शब्द कोशात नाही. एर्मिराबाईंना, माझ्या शिक्षिकेला, विचारला. त्या हसल्या, सांगितलं नाही. 'येडबंबू' म्हणजे काय?"

मी पावती त्यांच्या हातात दिली. "ते... तुम्ही नादिरेमावशीलाच विचारा. चौथा मजला, उजवीकडचं दार."

मला वाटलं, जाणार नाहीत. ते गेले. जिन्यातून सगळं ऐकू येतं आमच्याकडे. घंटा वाजली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा वाजली.

"मी घरात नाही!" मावशी आतून ओरडली.

"मग कोण बोलतंय?" ओत्ताव्योंनी विचारलं. त्यांनी क्रियापद चुकवलं होतं, पण प्रश्न बरोबर होता.

दार उघडलं. मावशीचा आवाज इतका बारीक मी आजवर ऐकला नव्हता. "माझ्याकडून चुकलं हो. तोंडाला कुलूप नाही माझ्या. काय काय ऐकलंत तेवढं सांगू नका."

"शब्दाचा अर्थ," ओत्ताव्यो म्हणाले. "रागावलो नाही. अर्थ हवा आहे."

"येडबंबू म्हणजे..." मावशी अडकली. "म्हणजे माझा नवरा होता. टरबूज घ्यायला पाठवला की बाजारातली सगळी टरबुजं ठोकून बघायचा आणि एखादं कच्चंच घेऊन यायचा. तसा."

"हे नाव आहे की विशेषण?"

"मला काय विचारता? मी पोस्टात होते!"

मग ती हसली, आणि तिच्यामागोमाग तेही. थोड्या वेळाने दोघं खाली आली. मावशी स्टुलावर बसली आणि तिने हुकूम सोडला, "दोन चहा टाक. आणि याला आता सिन्योर-बिन्योर नको. ओत्ताव्योभाऊ म्हणायचं."

"एवढा खटाटोप कशाला केलात?" ती त्यांना म्हणाली. "आम्हा सगळ्यांना तुमची भाषा येते की."

"येते," ते म्हणाले. वहीत बोट घालून शब्द शोधत राहिले, मग वही मिटली. "तुम्ही हसता. मी विचारतो, काय झालं. तुम्ही इटालियनमध्ये सांगता. मग मी हसतो. तेव्हा तुम्ही हसून संपलेल्या असता."

मावशीने आपल्या पिशवीतला, चीज भरून भाजलेल्या ब्युरेकचा तुकडा कागदासकट त्यांच्यापुढे सरकवला.

ती गेल्यावर ओत्ताव्यो थांबून राहिले. लिंबं बघितली नाहीत. मला म्हणाले, इटालियनमध्ये, "एक विचारू? टीव्ही बघून शिकलेले लोक बोलतात ते मला ओळखू येतं. कार्यक्रमातल्या निवेदकासारखं बोलतात. तुम्ही तसं बोलत नाही. तुमचे 'ए'चे उच्चार दक्षिणेकडचे आहेत. बारीचे."

पंचवीस वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी अर्धंच सांगितलं होतं.

"सात वर्षं होते मी बारीत," मी म्हटलं. "चार इमारतींचे जिने पुसायची."

ते काउंटरला टेकले. "मग?"

"मग काय. पहिलं वर्षभर भाषा येत नव्हती, नंतर यायला लागली. पण मला येते हे मी कुणाला सांगितलं नाही. एकदा लिफ्टपाशी दोघीजणी उभ्या होत्या. मी तिथेच वाकून पुसत होते. एक म्हणाली, दारं नीट लावत जा हं, ही त्यांच्यातली आहे."

"तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? त्यांचे पाय जातील तेवढी जागा कोरडी केली."

माफीबिफी मागितली नाही त्यांनी, ते बरं झालं. मग म्हणाले, "आणि भाषा येते हे का नाही सांगितलंत?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. विचार करून म्हटलं, "मला ऐकायचं होतं. मी समोर नसताना लोक काय बोलतात ते. मी समोर असून नसायची ना."

"हं," ते म्हणाले. "मलाही." मग जरा वेळाने, "राजे व्हायला येतात, हे वाक्य मी एर्मिराबाईंना दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, व्याकरण उत्तम आहे."

"ओत्ताव्योभाऊ, मी..."

"पेन्शनीत खरंच भागत नव्हतं तिकडे," ते म्हणाले. "तेवढं खरं होतं."

बाहेर दह्याची गाडी येऊन उभी राहिली होती. मला माल उतरवून घ्यायचा होता. ओत्ताव्योंनी वही खिशात टाकली, ब्युरेक कागदात गुंडाळला आणि दारातून आमच्या भाषेत म्हणाले, "मी उद्या आलो."

एरवी मी चूक तशीच सोडून, हसून इटालियनमध्ये 'बरं' म्हटलं असतं, जसं सगळेच परक्या माणसाला म्हणतात.

"येईन," मी म्हटलं. "उद्या येईन."

"येईन," ते म्हणाले, आणि पायरीवर थांबून त्यांनी ते लिहून घेतलं.