रंगाऱ्याच्या घरची बुरशी

मी बुरशी बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे.

वाऱ्याबरोबर आले, एका खोलीत छताजवळच्या ओलसर कोपऱ्यात टेकले आणि तिथलीच झाले. घर निवडताना मात्र फसले. घर होतं एका रंगाऱ्याचं! गावभरच्या भिंती चकाचक करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मी, म्हणजे दिव्याखाली अंधारच. दर वर्षी तो शिडी लावायचा, पट्टीने मला खरवडायचा आणि वर रंगाचे दोन हात द्यायचा. मी जरा दम धरायची, की पुन्हा हजर. "चिवट आहे सटवी," तो म्हणायचा. मला ते कौतुकच वाटायचं.

ती खोली त्याच्या लेकीची. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. यंदा जोडीला एक मायनर विषय निवडायचा होता, आणि त्यावरून सगळ्यांनी तिचं डोकं खाल्लं होतं. आत्या म्हणाली, "संख्याशास्त्र घे, कुठेही खपतं." मैत्रीण म्हणाली, "ज्याचे तास सकाळी नसतील ते घे." बाबा म्हणाले, "व्यवस्थापन घे. माझा धंदा पुढे तुलाच बघायचाय." लेक पलंगावर पडून छताकडे बघत राहिली. छताकडे म्हणजे माझ्याकडे. इतका वेळ कुणी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. मी लाजलेही असेन, पण काळ्या रंगात दिसणार कसं?

मग तिने माझ्यावर चिकटपट्टी दाबली, अलगद ओढली आणि कॉलेजात नेली. मी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते, हे मलाही तिच्याच तोंडून कळलं. माझ्या कोपऱ्यातून उघड्या दारापलीकडे दिसणाऱ्या ओसरीवर जेवताना ती सांगत सुटली, "आत्या, अगं नाजूक दांडे, आणि टोकाला मण्यांच्या माळा! बाबा, मी कवकशास्त्र घेतेय."

"ते काय असतं?"

"बुरशीचा अभ्यास."

रंगाऱ्याचा घास हातातच राहिला. "आयुष्यभर मी जिला खरवडतोय, तिच्यासाठी तू कॉलेजात जाणार? लोक हसतील मला!"

"तुम्ही खरवडता, पण ती जाते कुठे, बाबा? परत का येते, सांगा बघू."

आत्या खुदकन हसली. रंगारी ताटावरून उठला. लेकीचे डोळे भरून आले. विषय कळवायला एकच दिवस उरला होता, आणि बाबांना दुखवून ती काही घेणार नाही, हे मी तिच्या तोंडावरून ओळखलं. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे भिंती खराब होतात हे कबूल, पण घरात अबोला कधी झाला नव्हता.

सकाळी रंगारी शिडी घेऊन आला. म्हटलं, आटोपलं आपलं. त्याने पट्टी टेकवली आणि तो थांबला. नाक लागेल इतक्या जवळून मला बघितलं. "इथेच का येतेस गं सारखी?" त्याने विचारलं. खरं सांगते, उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

मग तो कामाला लागला. सगळी भिंत खरवडली, रंगवली. फक्त माझ्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा सोडली आणि तिच्या कडाही सरळ रेघेत काढल्या. अर्धवट काम त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. लेक दारात उभी होती.

"तेवढी तुझ्यासाठी ठेवलीये," तिच्याकडे न बघताच तो म्हणाला. "नीट शिक, आणि मग सांग मला कशी घालवायची ते."

तर सध्या माझं असं चाललंय. लेक भिंगातून रोज माझी विचारपूस करते. मला घालवायचं कसं हे शिकायला ती मलाच जपतेय! माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की बाई, शिकण्यात घाई करू नकोस.

परवा आत्या ओलं फडकं घेऊन माझ्या रोखाने निघाली. "रंगाऱ्याच्या घरात हे शोभतं का?"

बाहेरून रंगारी ओरडला, "ताई, हात लावू नकोस! लेकीचा विषय आहे तो."