माझा कोपरा आणि थोरल्याची घाई

मित्रांनो, मी वरच्या ओळीतला, अगदी समोरचा एक जुना दात आहे, आणि सगळ्यात आधी मला आमच्या थोरल्याची तक्रार करायची आहे. आईला दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांनी तिला काही विचारलं की उत्तर आपणच द्यायचं, ही कुठली रीत? "आजी, दुखतं का?" "छे हो, दुखत नाही तिला." दात कोणाचा? दुखणं कोणाचं? तोंड उघडून बसलीय ती आणि बोलतोय हा! माझं बोलणं तिखट वाटलं तर वाटू द्या. इतकी वर्षं ज्या जिभेला लागून राहिलो, तिचा गुण लागणारच.

ती जीभ आमच्या बाईची, म्हणजे थोरल्याच्या आईची. घराच्या खालच्या मजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान आहे. मी उगवलो तेव्हा ती दुसरीत होती. दुधाचा दात पडला आणि त्याच्या जागी मी आलो, कडेला करवतीसारखे बारीक दाते घेऊन. चौथीनंतर तिची शाळा सुटली, म्हणून माझंही शिक्षण तेवढंच. पुढे ती मशीनवर बसली आणि मीही कामाला लागलो.

माझं काम दोरा तोडण्याचं. तुरपाई संपली, गाठ बसली, की बाई कापडावर वाकायची, दोरा माझ्या कडेखाली धरायची, आणि कट्! कात्री शोधायला कोण उठणार? ती कायम कापडाच्या ढिगाखाली, आणि मी कायम जागेवर. गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, तुमच्या हाताला काय सफाई आहे!" कौतुक हाताचं व्हायचं. माझं नाव कधी कोणी घेतलं नाही. दोऱ्याने घासून घासून माझ्या कडेला एक बारीक खाच पडली होती. ती मी पदकासारखी मिरवायचो, पण बघतंय कोण?

आणि गंमत ऐका. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कोणी दोरा तोंडाशी नेला, की हीच बाई कडाडायची, "दात आहेत की विळे? कात्री काय भिंतीवर टांगायला आणलीय?" मुली घाबरून कात्री शोधायला लागायच्या. तेवढ्यात बाई पाठ फिरवायची, आणि कट्!

एकदा एका दप्तराचा पट्टा शिवायला आला. दोरा नायलॉनचा, जाड आणि चिवट. मी कुरकुरलो. बाईने मान झटकली. दोरा होता तसाच राहिला आणि माझा कोपरा कापडावर पडला. तिने तो खडूच्या चुऱ्याबरोबर झटकून टाकला. एवढ्या वर्षांच्या नोकरीचा हा निरोप!

गार पाणी लागलं की झिणझिण्या यायच्या, पण ते सोसवत होतं. खरी आफत वेगळीच होती. तुटलेल्या कोपऱ्यातून वारा निसटायला लागला आणि 'स' म्हटला की शीळ वाजू लागली. "सूनबाई, सुई सापडली का?" एवढं विचारलं तर तीन शिट्ट्या! सूनबाईने हसू लपवायला तोंड खिडकीकडे फिरवलं. मुलींनी मशीनवर माना घातल्या. जिच्या एका हाकेने दुकान सुतासारखं सरळ व्हायचं, ती बाई गप्प गप्प राहू लागली. 'सदरा' म्हणायचं टाळून 'ते वरचं' म्हणू लागली. बोलावंच लागलं तर तोंडावर पदर. तिची ही दशा मला बघवत नव्हती. तिचं बोलणं परत यावं, आणि माझं उरलेलं अंग शाबूत राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

अशात थोरला तिला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कसा तुटला, आजी?"

"आजी नको, मावशी म्हणा," बाई पदराआडून म्हणाली.

"जिन्यात आपटली हो," थोरला मध्येच म्हणाला. "वय झालं, दुसरं काय!"

बाई कुठल्याही जिन्यात आपटली नव्हती. थोरल्याने तिला विचारलंसुद्धा नव्हतं. पण खरं सांगायचं तर दोऱ्याचं नाव घ्यावं लागणार, आणि ते मुलींच्या कानावर गेलं तर? तिने मुकाट्याने मान डोलावली. मला असे दातओठ खावेसे वाटले, पण खाणार कशाने?

डॉक्टरबाईंनी दाताच्या रंगाचं सिमेंट लावून माझा कोपरा बांधला आणि निळा दिवा धरून पक्का केला. "याने कडक काही तोडायचं नाही," त्यांनी बजावलं. बाईने पुन्हा मान डोलावली. दुकानात पोचली, काजांचं काम हातात घेतलं, आणि दिवस मावळायच्या आत कट्! दोऱ्याबरोबर नवा कोपराही गेला. सांगा मित्रांनो, डोकं कोणावर आपटायचं?

परत दवाखाना. आता तर थोरल्याने कहरच केला. "उठसूट कोण येणार इथे? कॅप बसवून टाका, एकदाची कटकट मिटवा. आणि चांगली पांढरीशुभ्र बघा."

डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. "भरलेला कोपरा इतक्या लवकर निघायला नको होता. मावशी, झोपेत दात खाता का?"

"खाते ना, कराकरा खाते," थोरला म्हणाला. झोपेत याला काय ऐकू येणार? घरात सगळ्यात मोठा घोरतो तो हाच!

"मग कॅपचा विचार करावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यासाठी दात चारी बाजूंनी घासून बारीक करतात आणि वर टोपी बसवतात."

मित्रांनो, माझी नस आकसली. गेला होता एक कोपरा, आणि सोलणार होते मला अख्ख्याला! बोल ना बाई, मी मनात ओरडत होतो. एरवी गिऱ्हाइकाने एक टाका वाकडा म्हटला तर त्याला दारापर्यंत सुनावतेस, आणि आता मूग गिळून बसलीस? पण बाई खुर्चीचे हात घट्ट धरून छताकडे बघत राहिली.

डॉक्टरबाई वरचा दिवा ओढायला वाकल्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीची शिलाई उसवली होती. तिचा दोरा नेमका बाईच्या नाकासमोर लोंबायला लागला. झालं! बाईने बाही धरली, तोंडाशी ओढली, आणि कट्! तोही माझ्याच उरलेल्या कडेने!

डॉक्टरबाईंनी बाहीकडे पाहिलं. मग छोटा आरसा तोंडात घालून माझी ती बारीक खाच पाहिली आणि हसू आवरत म्हणाल्या, "मावशी, तो जिना दोऱ्याचा होता का हो?"

बाईने डोळे मिटून घेतले. "नायलॉनचा," ती म्हणाली.

"असं होय!" थोरला म्हणाला. "मग तर कॅपच बरी. मजबूत असते. तोडू दे तिला खुशाल दोरे."

"तसे दोरे तोडले तर कॅपचाही टवका उडेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि चांगला दात एकदा घासला की परत येत नाही. मावशी, नस शाबूत आहे, नुसता कोपरा गेलाय. कड घासून गुळगुळीत करता येईल, पण शीळ राहील. समोरून पातळ पापुद्रा चिकटवता येईल, पण त्यालाही दात थोडा घासावा लागतो. किंवा पुन्हा भरू, पण दोरा बंद झाला तरच. काय करायचं, तुम्ही सांगा."

बाई खुर्चीत सरळ झाली. "कॉलर झिजली तर आम्ही कॉलर उलटवतो, अख्खा सदरा उसवत नाही," ती म्हणाली. 'सदरा' म्हणताना शीळ वाजली, पण तिने पदर लावला नाही. "भरा पुन्हा. दोऱ्याचं मी बघते."

रंगाचे नमुने माझ्याशेजारी धरून बघायला डॉक्टरबाईंनी तिला खिडकीपाशी, उजेडात नेलं. थोरला पांढऱ्याशुभ्रवर बोट ठेवत होता. त्यांनी माझ्यासारखाच जरा पिवळट निवडला. बाईने मनातल्या मनात त्यांना पास केलं.

आता बाईच्या गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री असते. तरी अधूनमधून ती दोरा तोंडाशी नेतेच आणि माझा जीव टांगणीला लागतो. ओठाला दोरा लागला की थांबते, स्वतःवरच चिडते, कात्री घेते. मित्रांनो, दात म्हणजे कात्री नव्हे, अडकित्ता नव्हे, बाटलीचं बूच काढायचं हत्यारही नव्हे. त्याला जपा. आणि चुकून तुटलाच तर डॉक्टरांना खरं काय ते सांगा, कारण त्यांना मला काही विचारता येत नाही आणि मला काही सांगता येत नाही. तुमच्या एका थापेपायी मी सोलला जातो.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी दवाखान्यात कोपरा बांधून झाला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, कसं वाटतंय? कुठे टोचतंय का?"

"नाही हो, छान वाटतंय तिला," थोरला म्हणाला.

बाईने चूळ भरून टाकली, ओठ पुसले आणि मान वळवली. "डॉक्टरबाई, डावीकडे जरा टोचतंय, तेवढं घासा. आणि तू रे! पुढच्या खेपेला बाहेर बाकावर बसायचं. माझ्या तोंडातलं मी सांगीन. तुला तुझं तोंड दिलंय ना देवाने? ते आधी तुझ्या बायकोसमोर उघडून दाखव!"