कुलूपमुक्त गाव

गाव तंटामुक्त झाले, हागणदारीमुक्त झाले. मग दुष्काळ पडला आणि पाण्यापासूनही मुक्त झाले. अशात निलंग्याहून एक साहेब आले. नवा जिल्हा होणार, त्यासाठी आदर्श गावे हवीत, असे सांगून त्यांनी फर्मावले : फोनची कुलुपे काढा, तपासायला द्या. गावचा पाण्याचा टँकर बडे बागायतदार अण्णाराव यांच्या उसात रिकामा होतानाचा, पेपरात आलेला फोटो कोणी काढला, एवढेच त्यांना शोधायचे होते.

गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष रामकिशन गुरुजी निवृत्त, निर्व्यसनी आणि स्वतःच्या निष्कलंकपणावर मनापासून लुब्ध होते. अंगणवाडीची मदतनीस पंचशीला त्यांच्याकडे आली.

“गुरुजी, फोन देऊ नका. फोटू मी तुमालाच धाडला हुता.”

“तो कवाच पुसला मी. मला लपवायचं काय हाय?”

“तुमाला न्हाई, मला हाय. बाई न्हाताना कडी लावती, ती काय चोरी करती का?”

“लई शिकलीस. खऱ्याला कुलूप कशाला?”

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गुरुजींनी आपला फोन सर्वांत आधी टेबलावर ठेवला. टाळ्या पडल्या. कारकुनाने तो चाळला आणि मोठ्याने वाचले, “गुरुजी, फोटू पेपरात द्या, पन माझं नाव सांगू नका. नोकरी जाईल.” वर नाव होते : पंचशीला.

फोटो पुसला होता. विनवणी तशीच राहिली होती!

“गुरुजी, मोठं काम केलंत,” अण्णाराव हसून म्हणाले. साहेबांनी गुरुजींना शाल पांघरली. संध्याकाळपर्यंत पंचशीलाची नोकरी गेली. तिच्या वस्तीचा टँकर त्याआधीच बंद झाला होता.

गुरुजी तिच्या दारी गेले. सासू नागुबाई उंबऱ्यात बसली होती.

“पंचशीला कुठंय?”

“लांबच्या हिरीवर. शाल ठिवून जावा, गुरुजी. डोईवर चुंबळ कराया कामी यील.”

गुरुजींनी शाल ठेवली. दुसऱ्या सकाळी ते ग्रामपंचायतीच्या दारात वाट अडवून उभे राहिले. “माझं चुकलं. कुणी फोन देऊ नका.”

“सरका गुरुजी,” रांगेतला लिंबाजी म्हणाला. “फोन दिल्याबिगर टँकर न्हाई म्हनले साहेब. तुमीच तर वाट दावली.”

रांग त्यांना वळसा घालून आत गेली.

नागरिकहो, ‘मला लपवायचे काही नाही’ हे वाक्य फार सात्त्विक वाटते. ते उच्चारणारा बहुधा दुसऱ्याच्या जिवावर उदार झालेला असतो. आपल्यापाशी असलेले गुपित पुष्कळदा आपले नसतेच. ते कोणीतरी विश्वासाने ठेवलेले असते. सत्तेला ते बहाल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि दिल्यावर झालेला पश्चात्ताप कितीही खरा असो, तो पाणी भरत नाही.