सरांच्या हाताचा माऊस

रामलिंग सर लातुरात क्लास चालवायचे आणि मुलांचे रँक जितक्या काळजीने मोजायचे, तितक्याच काळजीने आपण केलेले उपकारही मोजायचे. दसऱ्याला त्यांनी नांदेडहून सात बटणांचा माऊस आणला, हळदकुंकू वाहून स्वतःच्या हाताने लॅबच्या टेबलावर जोडला आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी "चालून राहिला ना?" म्हणून विचारायला येऊ लागले. चालून राहिला, असं बुद्धप्रिया सांगायची. दुसरं काय सांगणार?

बुद्धप्रिया लोह्याची. लॅब तिच्याकडे होती, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. त्या मुदतीचा शेवटचा दिवस रविवार, आणि त्याच दिवशी दहा वाजता एकशे चौऱ्याऐंशी मुलांची सीईटीची सराव परीक्षा. ती बिनबोभाट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर लोह्याची एसटी, हे सरांनी हसत सांगितलं होतं. सर जे हसत सांगतात ते करतात, हे सगळ्या स्टाफला पाठ होतं.

लॅबमध्ये मुख्य कॉम्प्युटर दोन, दोन्ही लिनक्सवर. एकावर पेपर, दुसऱ्यावर हजेरी. स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस मात्र एकच. मध्ये केव्हीएमचा काळा डबा. त्याचं बटण दाबलं की या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जाता यायचं. दसऱ्यापासून नवंच सुरू झालं. हजेरीवरून पेपरवर परत आलं की बाण बिथरायचा, कोपऱ्यात पळायचा, कुणी न दाबता क्लिक व्हायचं. शनिवारच्या तालमीत त्याने 'परीक्षा समाप्त' गाठलं आणि बसवलेली बाराही मुलं अर्ध्या पेपरातून बाहेर फेकली गेली.

फिजिक्सच्या रुद्रेश सरांनी दोष लिनक्सला दिला. फुकटचं असंच असतं म्हणाले. स्वतः ते स्टाफरूममधला फुकटचा चहा दिवसातून चारदा पीत. व्यंकटीमामा शिपाई. त्यांनी माऊस उलटा करून रुमालाने पुसला. बुद्धप्रियाने कुणाला नाही म्हटलं नाही. सगळे गेल्यावर तिने माऊस थेट कॉम्प्युटरला जोडला. शहाण्यासारखा चालला. डब्यातून जोडला की पुन्हा वेडा. मग रिसेप्शनवरचा साधा, तीन बटणांचा माऊस डब्याला लावून तिने वीस वेळा अदलाबदल केली. बाण जागचा हलला नाही.

कोडं सुटलं. कॉम्प्युटरपुढे डबा स्वतःच माऊस असल्याचं सोंग घेत होता, आणि त्याला तीनच बटणांची भाषा येत होती. सात बटणांचं बोलणं त्याला निम्मं कळायचं, उरलेलं तो मनचं सांगायचा.

उपाय मिनिटभराचा होता. पण सरांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ केमिस्ट्रीच्या ज्या मॅडमनी बंद पडलं म्हणून उतरवलं, त्या आता दुसऱ्या क्लासात शिकवत होत्या.

रविवारी सकाळी तिने सरांचा माऊस जागेवरच ठेवला आणि त्याची वायर टेबलामागे मोकळी सोडली. डब्याला जोडलेला साधा माऊस डाव्या हाताशी, हजेरीच्या रजिस्टरखाली. दहाला पेपर सुरू झाला. सव्वादहाला ती हजेरीवर गेली, परत आली. बाण शांत.

तेवढ्यात रामलिंग सर आत आले. सोबत रुद्रेश सर आणि धर्माबादहून आलेले दोन पालक.

"चालून राहिला ना?" म्हणत सरांनी थेट माऊसवर हात ठेवला.

तिने रजिस्टरखाली बोटं सरकवली. सरांनी उजवीकडे नेला, तिनेही नेला. सरांनी वर, तिनेही वर. पालक स्क्रीनकडे बघून मान डोलवत होते. सरांना चेव आला. एका बटणात सगळा पेपर कसा थांबतो ते दाखवतो म्हणाले, आणि माऊस 'परीक्षा समाप्त'च्या दिशेने निघाला. एकशे चौऱ्याऐंशी मुलं खाली मान घालून गणितं सोडवत होती.

बुद्धप्रियाची बोटं थांबली.

सरांचा माऊस पुढे गेला, बाण गेला नाही. त्यांनी जोरात ओढला. टेबलामागून वायर वर आली आणि तिचं उघडं टोक कीबोर्डवर येऊन पडलं. बाकी सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर होते. सरांनी टोकाकडे बघितलं, मग रजिस्टरकडे, मग तिच्याकडे. तिला लोह्याची एसटी दिसू लागली.

सरांनी त्या टोकावर तळहात ठेवला.

"बघितलं?" ते पालकांना म्हणाले. "धोक्याच्या बटणावर जातच न्हाई. मुद्दाम तसा करून घेतलाय."

पालक खूश झाले. रुद्रेश सरांनी तर, ही सोय आपल्याला आधीपासून ठाऊक होती, असा चेहरा केला. सगळे दाराकडे वळल्यावर सर तिच्यापाशी वाकले.

"ऑर्डरवर सही संध्याकाळी करतो, मॅडम," ते हळूच म्हणाले. "हा इथंच राहू द्या. फक्त वायर आतून नीट बांधा."