माथ्यावर कोण उभं होतं

ग्वासिमारा नऊ वर्षांनी त्या पाइनच्या रानात आली, ती एचेदेयच्या आग्रहापायी. तेनेरिफे बेटाच्या डोंगरावरच्या या धोंड्यांवर दोघं कॉलेजात असल्यापासून चढायची. दोर नाही, काही नाही. खाली एक जाड गादी आणि पडणाऱ्याला सावरायला हात वर करून उभा राहिलेला सोबती, एवढाच आधार. इथेच तिचा घोटा मोडला आणि चढणं सुटलं. आता एचेदेय इथल्या चढायांचं पुस्तक काढत होता. जुन्या वाटा त्याला तिच्याकडून पक्क्या करून घ्यायच्या होत्या.

धोंडे तसेच होते, खवणीसारखे. लाव्हारस थिजताना फुटलेल्या बुडबुड्यांच्या कडा अजून धारदार होत्या. तिने नुसता हात टेकला तर बोट सोललं. पाइनच्या सुईसारख्या वाळक्या पानांवरून घसरत, लंगडत ती पुढे झुकलेल्या मोठ्या धोंड्यापाशी आली.

"याचं काय लिहिलंयस?"

त्याने वही पुढे केली. पहिली चढाई : एचेदेय. साल, ती पडली त्याच्या पुढचं.

"पहिली मी चढले होते."

"अगं, तू तर पडलीस ना इथे."

"उतरताना पडले. त्याआधी माथ्यावर उभी होते. तुला हाकसुद्धा मारली."

एचेदेय बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "हे बघ, पुस्तकात घालायचं तर कुणीतरी पाहिलेलं लागतं. मी कुठे पाहिलं? मी फोनवर होतो, तिकडे गाडीपाशी. किंकाळी ऐकून धावत आलो."

बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

नऊ वर्षं तो सगळ्यांना सांगत आला होता, मी हात वर करून खालीच उभा होतो, हिनेच घाबरून भलतीकडे उडी टाकली. हळूहळू तिलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. तीन शस्त्रक्रिया झाल्या, आणि दर वेळी तिनेच त्याची माफी मागितली होती.

"म्हणजे तू खाली नव्हतासच."

"आता ते उकरून काय मिळणारे? हवं तर दोघांची नावं घालू."

"कशाबद्दल? मी गप्प बसावं म्हणून?"

"तुझं हे नेहमीचंच. सरळ बोलायचंच नाही."

ती वळली आणि बसथांब्याकडे चालू लागली. चार किलोमीटर उतार. पावलागणिक घोटा ठणकत होता. मागून त्याची गाडी आली. काच खाली करून तो बराच वेळ तिच्या चालीने गाडी हाकत राहिला.

"बस ना आत. लोक काय म्हणतील?"

तिने मान वळवली नाही, तेव्हा तो निघून गेला.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. आई बटाटे धूत होती.

"जाऊ दे गं. तुला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत त्यानेच आणलं, ते विसरू नकोस."

पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडावर निघालं. त्या धोंड्यापुढे त्याचं एकट्याचं नाव होतं. आईने एक प्रत आणली, त्याची सही घेऊन.