उसनं माप

रबरबँड काढून गुंजनने टेबलावर प्रेशरच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या ओळीने मांडल्या. पहिली रिकामी. दुसरीत एक गोळी. तिसरी भरलेली. तीस दिल्या होत्या, अकरा उरल्या होत्या, आणि मध्ये दिवस गेले होते एकोणीस. तिने पुन्हा मोजलं. सुभद्राबाईंनी चार-दोन दिवस तरी गोळी चुकवली असेल, अशी सकाळी त्यांच्या पडण्याचा फोन आल्यापासून तिला आशा होती.

"रोज घेतली," बाकावर आडव्या झालेल्या सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमीच सांगून धाडलं, खंड पाडू नोको."

परवा त्या बांधावरून खाली पडल्या होत्या. ढोपर सुजलं होतं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

केशोरीजवळच्या या उपकेंद्रात डॉक्टर नसतो. नर्सिंग शिकलेली गुंजन पेशंट तपासते, टॅबमध्ये आकडे भरते, आणि गोंदियाहून व्हिडिओ कॉलवर डॉ. दुर्गेश कटरे औषध सांगतात. गोळ्या दिल्या त्या दिवशी सुभद्राबाई आल्याच नव्हत्या. शेतात भाताची रोवणी सुरू होती. त्यांचा मोबाइल घेऊन त्यांच्या जाऊबाई, सुशीलाबाई, आल्या होत्या. बाहेरची कामं दोघी अशाच वाटून घेत. रेशनला एक, बचत गटाला दुसरी.

ओटीपी बरोबर आला. पण प्रेशरचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

"माह्यंच घे ना," सुशीलाबाईंनी दंड पुढे केला होता. "एका चुलीवरचं खातो आमी. मीठ एकच, त प्रेशर काऊन येगळं राहीन?"

गुंजन हसली होती. बाहेर सतरा पेशंट बसले होते. तिने माप घेतलं आणि सुभद्राबाईंच्या नावापुढे लिहिलं, १६८/१००. नेट कमी होतं म्हणून व्हिडिओ बंद ठेवला. डॉक्टरांनी चक्कर येते का विचारलं. सुशीलाबाईंनी जावेच्या वतीने हो म्हटलं.

आज टॅबवर डॉक्टरांचा चेहरा दिसत होता.

"बोलिए, सिस्टर."

"सर, सुभद्राबाई. आजचं माप ९४/५८."

"एकशे अडुसष्टवरून? एका गोळीने इतकं उतरत नाही. मशीन बिघडलंय तुमचं. सेल बदलून पुन्हा घ्या."

गुंजनने मशीनकडे पाहिलं. 'हो सर' एवढं म्हटलं तरी भागलं असतं. मशीनला कुणी नोटीस देत नाही. बाकावर सुभद्राबाई पदराचं ओलं टोक ढोपरावर दाबून धरत होत्या.

"मशीन ठीक आहे, सर. मागचं माप यांचं नव्हतं. यांच्या जावेचं होतं. मी यांच्या नावावर भरलं."

डॉक्टर स्क्रीनजवळ झुकले.

"मी नाव विचारलं नव्हतं?"

"नाही, सर."

"लेखी द्यावं लागेल. तुम्हाला. मलाही." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोळी आजपासून बंद. ढोपराचा एक्स-रे काढायला पाठवा. आणि ज्यांचं माप होतं, त्यांना काय दिलं आपण?"

गुंजन उठली आणि दारापाशी गेली. जावेला धरून गावातून चालवत आणलेल्या सुशीलाबाई व्हरांड्यात पाय पसरून बसल्या होत्या.

"मले कायले बोलावता? मी त इले आणाले आली. मले काईच नाही होऊन राहिलं."

"बसा, बाई. हात टेबलावर ठेवा. बोलू नका."

"आयका! बोलूबी नोको म्हणते."

"आता तरी चूप राय," बाकावरून सुभद्राबाई म्हणाल्या.

दंडावरचा पट्टा फुगला, थांबला, हळूहळू उतरला. गुंजनने पाच मिनिटं जाऊ दिली आणि दुसऱ्या दंडावर पुन्हा माप घेतलं. मग टॅबवर नवीन पान उघडलं. नाव विचारलं, ते लिहिलं. वय विचारलं, तेही लिहिलं. नंतर आकडा मोठ्याने वाचला.

"एकशे शहाण्णव, एकशे चौदा, सर."