रानपिंगळ्याचा मूळ फोटो

अमरावतीच्या पक्षिमित्रांत शेखरभाऊंचं नाव निघालं की पाठोपाठ रानपिंगळ्याचं निघायचं, आणि रानपिंगळ्याचं निघालं की कुंदाताईंच्या तोंडची चव जायची.

कुंदाताई जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. शेखरभाऊंचं अकोल्याला बियाण्यांचं दुकान. पंधराएक वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दुकानातून एकसारखे कॅमेरे घेतले होते आणि कित्येक रविवारी परतवाड्याहून जीप धरून मेळघाट पालथा घातला होता. रानपिंगळा म्हणजे दिवसाढवळ्या दिसणारं, पण फार थोड्यांना दिसलेलं घुबड. त्याचा फोटो मिळाला तो शेखरभाऊंना. कुंदाताई तेव्हा हाकेच्या अंतरावर होत्या.

"दिसला, कॅमेरा उचलला, एक क्लिक, अन् गेला उडून. ताईले हाक मारालेबी सवड नाई भेटली," असं ते दरवेळी सांगत. कुंदाताई हसून मान डोलवत. नशीब एकेकाचं, असं म्हणत. मनातून मात्र त्यांनी तो पक्षी शेखरभाऊंना कधीच देऊन टाकला नव्हता.

यंदा पक्षिमित्र मंडळानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि तो फोटो दारासमोर, भिंतभर मोठा करून लावायचा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी शेखरभाऊंचा फोन.

"ताई, मोबाइलातला फोटो मोठा केला का फाटून राहिला. मूळ फोटो त्या जुन्या कॅमेऱ्यातच हाये. त्याचं कार्ड आता कोनाकडेच चालत नाई, अन् वायर उंदरानं खाल्ली. तुमच्याकडे वायर हाये ना? अन् तो जुना कॉम्प्युटर?"

"बंद पडलाय तो," कुंदाताई म्हणाल्या. मागच्याच आठवड्यात त्यांनी तो लावून पाहिला होता, आणि तो चालला होता.

"मंग राहू द्या. नागपूरले एक जन हाये, त्याच्याकडे जातो."

कुंदाताई थबकल्या. मूळ फोटो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मोबाइलवर सगळंच नीटस दिसतं. पडद्यावर मोठा केला तर कदाचित हललेला निघेल, डोळे धूसर निघतील. तसं निघालं तर ते आपल्या डोळ्यांदेखत निघायला हवं होतं.

"या घेऊन. बघू सुरू होतो का," त्या म्हणाल्या.

शेखरभाऊ सकाळच्या गाडीनं आले. कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला, तारीख भलत्याच सालची दाखवू लागला. कुंदाताईंनी डब्यातून वायर काढली. तिचं चपटं तोंड कॅमेऱ्यात नीट बसेना, म्हणून बोटानं दाबून धरावी लागली. दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा पडद्यावर कॅमेऱ्याचं नाव उमटलं आणि बारीक बारीक चित्रांच्या ओळी उलगडू लागल्या. तेवढ्यात शेखरभाऊंना दुकानातून फोन आला आणि ते बोलत अंगणात गेले.

कुंदाताईंनी रानपिंगळा शोधला. मोठा केला. डोळे पिवळेधमक, पापणीसुद्धा स्पष्ट. कुठेही काही हललं नव्हतं.

मग त्यांनी त्याच्या आधीचा फोटो उघडला. तोच पक्षी, जरा लांबून. त्याच्या आधीचा, अजून लांबून. एकामागून एक पुष्कळ होते, उभे, आडवे, बाजूनं घेतलेले. आणि सगळ्यांत पहिल्या फोटोत सागाच्या पानगळल्या फांदीवर रानपिंगळा बसला होता, अन् त्याच्या अगदी खाली, पाठमोरी, मान वाकवून कॅमेऱ्याचं झाकण पुसत एक बाई उभी होती. डोक्याला निळा स्कार्फ.

तो स्कार्फ अजून त्यांच्या कपाटात होता.

एक क्लिक म्हणे. तो पक्षी एवढा वेळ बसला होता, आणि हा माणूस तोंड मिटून फोटो काढत होता. कुंदाताईंचे कान तापले. सगळे फोटो एकदम निवडायला त्यांना क्षणही लागला नाही. पुसून टाकायचं बटण दाबायचं तेवढं उरलं होतं. वायर सैल होती, म्हणता आलं असतं. कोणाला कळलं असतं?

"आले का?" शेखरभाऊ दारातून म्हणाले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली.

"मला हाक का नाही मारलीत?"

शेखरभाऊ खुर्चीवर टेकले. "मारली असती तं तुमीच चांगला काढला असता," ते म्हणाले. "दर खेपेले तुमचेच फोटो चांगले येत. लोकं तुमचेच पाहत, मले म्हनत, तुमी ताईची बॅग धरत जा. त्या दिवशी म्या म्हटलं, हा पक्षी माहा."

कुंदाताईंना हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. त्यांनी निवडलेले फोटो सोडून दिले.

"हा लावा," त्या पहिल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या.

"याच्यात तं तुमी दिसता."

"म्हणूनच. यापेक्षा चांगला फोटो तुम्ही आयुष्यात काढलेला नाही." हे म्हणताना त्यांना शिक्षिकेचा आवाज लावावा लागला, कारण ते खरं होतं.

प्रदर्शनात त्या फोटोसमोर गर्दी हटेना. डोक्यावर पक्षी अन् बाईला पत्ता नाही, म्हणून लोक हसत, मग जवळ जाऊन पाहत राहत. ही बाई कोण, असं कोणीतरी विचारलं. "आमच्या कुंदाताई," शेखरभाऊ म्हणाले, आणि या वेळी सगळं खरं सांगितलं. लोकांना ती गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षाही आवडली. शेखरभाऊंचे हात हातात घेऊन लोकांनी अभिनंदन केलं. कुंदाताई खांबाजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. खरं बोलून माणूस आणखी मोठा झाला होता.

शनिवारी शेखरभाऊंचा फोन आला. "उद्या येता का मेळघाटात?"

"गुडघा धरलाय," कुंदाताई म्हणाल्या.

आणि रविवारी पहिल्या बसनं त्या एकट्याच परतवाड्याला गेल्या. दिवसभर हिंडूनही रानपिंगळा दिसला नाही. एक सुतार पक्षी मात्र जवळून दिसला. त्याचे त्यांनी मनसोक्त फोटो काढले, आणि शेखरभाऊंना त्यातला एकही पाठवला नाही.